ट्रक घेताना क्राऊनचे दाते मोजा

दसऱ्याच्या आसपास पुणे-नाशिक महामार्गावरच्या वाहन विक्रेत्यांकडे वर्दळ वाढते. गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली माणसे नवा ट्रक, पिकअप किंवा ट्रॅक्टर ठरवायला येतात. सोबत मेहुणा असतो, शेजारचा वाहतूकदार असतो, बऱ्याच वर्षांचा अनुभव असलेला एखादा ड्रायव्हरही असतो. प्रश्न ठरलेले असतात. हप्ता किती बसेल, ॲव्हरेज काय पडेल, हौदा किती फुटी, इंजिन किती एचपीचे, जुनी गाडी कितीला धरणार. मागच्या एक्सलमध्ये कोणत्या प्रमाणाचे क्राऊन-पिनियन बसवले आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते आणि विक्रेताही आपण होऊन सांगत नाही. वास्तविक ही गाडी भरल्या ऊसासकट शेतातून निघेल का, घाटात ताब्यात राहील का आणि डिझेलवर किती पैसे जातील, यातला मोठा भाग त्या एका आकड्यावर अवलंबून असतो.

आकडा कळायला अवघड नाही. गिअरबॉक्सपासून निघालेला लांब शाफ्ट मागच्या हौसिंगपर्यंत जातो. त्याच्या टोकाला छोटे दातेरी पिनियन असते आणि ते मोठ्या क्राऊनला फिरवते. क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला ७ असतील तर प्रमाण झाले ५.८६. म्हणजे शाफ्ट ५.८६ वेळा फिरला की चाक एकदा फिरते. पिनियनला ७ ऐवजी ६ दाते असले की हेच प्रमाण ६.८३ होते. सुट्या भागांच्या दुकानात या जोड्या ‘सात-एकेचाळीस’, ‘सहा-एकेचाळीस’ अशाच मागितल्या जातात. फरक एका दात्याचा, पण त्याच इंजिनाचा चाकावरचा जोर त्याने साधारण १७ टक्क्यांनी वाढतो आणि तेवढ्याच फेऱ्यांवरचा वेग सुमारे १४ टक्क्यांनी घटतो.

हा घटलेला वेग किलोमीटरमध्ये मांडला तर चित्र स्पष्ट होते. १०.००-२० टायरचा ट्रक धरला तर चाकाच्या एका फेरीत गाडी जवळपास ३.२ मीटर पुढे जाते. सर्वात वरच्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो असे मानले, तर १,५०० फेऱ्यांवर सात-एकेचाळीसचा ट्रक ताशी ४९ किलोमीटर धावतो आणि सहा-एकेचाळीसचा ४२. मालवाहू गाड्यांच्या स्पीड गव्हर्नरची मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. त्या वेगाला पहिल्या गाडीचे इंजिन सुमारे २,४५० फेऱ्या घेते, दुसरीचे २,८५० च्या आसपास जाते. जड डिझेल इंजिनाला इतक्या फेऱ्यांवर तासन्‌तास पळवणे म्हणजे डिझेल ओतणे आणि इंजिनाचे आयुष्य कमी करणे. म्हणून मोठा आकडा चांगला आणि लहान वाईट, किंवा याच्या उलट, असे सरसकट काहीच म्हणता येत नाही. गाडी कुठल्या रस्त्यावर, कुठला माल घेऊन, चढाला जाणार की उताराला, हे ठरल्याशिवाय या आकड्याला अर्थ येत नाही.

जुन्नर-आंबेगावात नेमके हेच ठरवणे अवघड आहे, कारण इथे एकाच गाडीकडून दोन अगदी वेगळी कामे करून घेतली जातात.

पहिले काम ऊसाचे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी या भागाची शेती बदलली. पाण्यामागून ऊस आला आणि ऊसामागून कारखाने. जुन्नरमध्ये निवृत्तीनगरचा श्री विघ्नहर सहकारी साखर कारखाना आणि आंबेगावात पारगावजवळ दत्तात्रयनगरचा भीमाशंकर सहकारी साखर कारखाना. हंगामात शेकडो ट्रक, ट्रॅक्टर आणि टायरगाड्या या दोन गव्हाणींकडे रांगा लावतात. कारखान्यापर्यंतचे अंतर फार नसते, वेगही फार लागत नाही. खरी कसोटी पहिल्या पाचशे फुटांत असते.

ऊस तुटलेल्या शेतात भरलेला ट्रक उभा आहे असे डोळ्यांपुढे आणावे. सऱ्या-वरंब्यांची जमीन, वर पाचटाचा थर, आठवड्यापूर्वी दिलेल्या पाण्याची ओल अजून खाली राहिलेली. चाके तीन-चार इंच रुतलेली. समोर बांध आणि त्यावर चढून पाणंद गाठायची. ड्रायव्हर पहिला गिअर टाकतो, क्लच हळूहळू सोडतो, इंजिनाचा आवाज जड होतो, गाडी हातभर सरकते आणि थांबते. तो पुन्हा क्लच दाबतो, या वेळी रेस जास्त देतो. तिसऱ्या खेपेला केबिनमध्ये क्लच प्लेट जळाल्याचा उग्र वास येतो. ऊसतोड टोळीतले दोघे चाकामागे दगड लावायला धावतात. मुकादम ओरडून सांगतो, थोडा माल उतरवा.

या प्रसंगाचा हिशोब कागदावर मांडता येतो. दोन एक्सलच्या ट्रकला मालासकट कायदेशीर वजन १८.५ टन आहे. घट्ट डांबरी रस्त्यावर टायर फिरवायला वजनाच्या साधारण एक टक्का ओढ लागते, म्हणजे १८५ किलो. डोंगराळ भागातल्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने जे चढ ठरवले आहेत त्यातला सहा टक्क्यांचा चढ घेतला, तर त्यात १,११० किलो मिळवायचे. एकूण झाले १,३०० च्या आसपास. आता मऊ शेतजमीन घ्या. तिथे टायरचा विरोध दहा टक्के आणि ओल असेल तर त्याहूनही जास्त असतो. म्हणजे सपाट शेतात नुसते पुढे सरकायलाच १,८५० किलोची ओढ लागते. शेत दिसायला सपाट असते, पण गाडीला ते घाटापेक्षा जड पडते. त्यात बांधाचा दहा टक्के चढ आला की हीच ओढ ३,७०० किलोवर जाते.

आता गाडीची ताकद बघू. इंजिनाचा टॉर्क ५०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे प्रमाण ७ आणि वाटेतले नुकसान दहा टक्के धरले, तर सात-एकेचाळीसच्या गाडीला चाकावर जेमतेम ३,७०० किलोची ओढ मिळते. बांधाला लागते तेवढीच, वर काहीच शिल्लक नाही. सहा-एकेचाळीसच्या गाडीला ४,३०० किलो मिळते आणि ती बाहेर पडते. इंजिन तेच, टायर तेच, ऊस तेवढाच. एक गाडी निघते, दुसरीचा क्लच जळतो. क्लच प्लेटचा आणि बुडालेल्या खेपेचा खर्च मालकाच्या वहीत येतो. पण गाडी शेतात शिरू शकत नाही किंवा निघू शकत नाही म्हणून ती पाणंदीवर लांब उभी केली, तर मोळ्या डोक्यावर घेऊन ते जास्तीचे अंतर तुडवतात ते ऊसतोड मजूर, आणि त्यात निम्म्या बायका असतात. एक्सलच्या प्रमाणाचा विषय हा फक्त गाडीमालकाचा आणि मिस्त्रीचा, असे म्हणून सोडून देता येत नाही ते यामुळे.

अर्थात मोठ्या आकड्यालाही मर्यादा आहे, आणि ती जमीन ठरवते. १८.५ टनांच्या ट्रकच्या मागच्या एक्सलवर ११.५ टन वजन येते. कोरड्या घट्ट मातीत टायरला त्याच्या निम्मी पकड मिळाली तर साडेपाच टनांहून जास्त ओढ घेता येते, ती पुरेशी आहे. पण ओल्या काळ्या मातीत पकड तीस टक्क्यांवर आली की ३,४५० किलोपाशीच चाक जागच्या जागी फिरू लागते. तिथे सहा-एकेचाळीसच काय, त्याहून मोठे प्रमाणही चाकाखाली खड्डा करण्यापलीकडे काही करत नाही. अशा वेळी उपाय दोनच: वापसा येऊ द्यावा किंवा माल कमी भरावा.

ट्रॅक्टरच्या बाबतीत ही मर्यादा फार लवकर येते आणि तिच्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते. ट्रॅक्टरचे खालचे गिअर मुळातच संथ असतात, हौसिंगमध्ये शेवटी आणखी एक मोठी गिअरजोडी असते, त्यामुळे ओढण्याचा जोर त्याच्याकडे भरपूर. कमी असते ते वजन. ५० एचपीच्या ट्रॅक्टरचे वजन सव्वादोन टनांच्या घरात, त्यातले मागच्या चाकांवर दीड टनाच्या आत. मागे दोन ट्रॉल्या आणि त्यांचे मालासकट वजन १८ टन धरले, तर चार टक्क्यांच्या साध्या डांबरी चढाला हजार-अकराशे किलो ओढ लागते. मागच्या टायरची डांबरावरची पकड तिथेच संपते. मग चाक घसरते किंवा ट्रॅक्टर पुढून उचलतो. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. बॉनेटवर दोन माणसे बसवण्याचा जो प्रकार हंगामात दिसतो तो जीवघेणा आहे आणि कारखान्यांनी तो पाहताक्षणी बंद पाडला पाहिजे. पुढे लावायची लोखंडी वजने आणि मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याची सोय ट्रॅक्टर कंपन्यांनीच दिलेली आहे. त्यांच्या पुस्तिकेत किती भरायचे तेही लिहिलेले असते.

ट्रॅक्टरवाल्यांची आणखी एक सवय आहे. १३.६-२८ चे टायर झिजले की त्या जागी १४.९-२८ चढवायचे, कारण गाडी ‘पळते’. ती पळते हे खरेच आहे. टायरचा व्यास चार-पाच टक्क्यांनी वाढला की प्रमाण तेवढेच कमी केल्यासारखे होते. पण ओढ तेवढ्याच टक्क्यांनी कमी होते हे लक्षात घेतले जात नाही, आणि वाढलेला वेग आवरायला ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतो. ट्रकमध्येही ९.००-२० काढून १०.००-२० बसवले की तीन-चार टक्क्यांचा असाच फरक पडतो. नोंदणी पुस्तकात टायरचा आकार लिहिलेला असतो, त्यामागे कारण आहे.

दुसरे काम भाजीपाल्याचे, आणि त्याची गणिते अगदी उलटी. नारायणगावचा टोमॅटो, ओतूर-आळेफाट्याचा कांदा, मंचरच्या बाजारातला माल. टोमॅटोचे क्रेट वीस किलोचे, म्हणजे शंभर क्रेटला दोन टन. संध्याकाळी भरलेली गाडी पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात उभी राहिली पाहिजे, तिथे उशीर झाला की भाव गेला. या कामाला वेग लागतो, महामार्गावर इंजिन शांत राहावे लागते आणि डिझेल मोजून जाळावे लागते. पुणे-नाशिक महामार्ग रुंद झाला, नारायणगाव, मंचर, खेड घाट यांना बाह्यवळणे मिळाली, तसा रस्त्यावरचा वेग आणखी वाढला. त्यामुळे अलीकडे विक्रेते लहान आकड्याच्या एक्सलची गाडी दाखवतात आणि महामार्गापुरते ते बरोबरही आहे.

पण वाशीकडे जाणारा बराच माल आळेफाट्याहून कल्याणच्या रस्त्याला लागतो आणि माळशेज घाट उतरतो. जुन्नरच्या वाहतुकीचे वैशिष्ट्य इथे आहे. इतर ठिकाणी घाटाचा विचार चढाच्या अंगाने होतो. जुन्नरची गाडी भरून खाली उतरते आणि रिकामे क्रेट किंवा किराणा, खते घेऊन वर चढते. तिची परीक्षा चढाला कमी आणि उताराला जास्त असते.

उताराला एक्सलचे प्रमाण किती महत्त्वाचे आहे हे उष्णतेच्या हिशोबातून कळते. १८.५ टनांची गाडी पाचशे मीटर उंची उतरते तेव्हा अडीच लिटर डिझेल जाळल्यावर निघेल एवढी उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. काही हवा आणि टायर घेतात, बाकीची जिरवायला दोनच जागा आहेत: ब्रेकचे ड्रम किंवा इंजिन. सगळी ड्रमांवर सोडली तर लायनर तापतात, वास येऊ लागतो आणि एका क्षणी पाय दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिनावर सोडायची तर गिअर खालचा हवा, आणि एक्सलचे प्रमाण जितके मोठे तितका त्याच गिअरमध्ये इंजिनाचा अटकाव जास्त. सहा-एकेचाळीसची गाडी त्याच गिअरला आणि त्याच फेऱ्यांवर सात-एकेचाळीसपेक्षा सातव्या हिश्श्याने हळू उतरते आणि चाकाला १७ टक्के जास्त धरून ठेवते. लहान आकड्याची गाडी घेतली असेल तर घाटात तिला एक गिअर खाली ठेवून उतरवले पाहिजे आणि एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो माथ्यावरच सुरू केला पाहिजे. जुने ड्रायव्हर ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा असे शिकवत आले. पण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे आजही आहेत. आधुनिक डिझेल इंजिनात गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधन जवळपास बंदच होते, त्यामुळे न्यूट्रल करून वाचत काहीच नाही. जो काही अटकाव होता तो मात्र जातो.

एकच यंत्र दोन कामांना वेगळ्या दात्यांनी कसे लावायचे याचे उत्तम उदाहरण भारतीय रेल्वेकडे आहे. डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचे विद्युत इंजिन आणि डब्ल्यूएपी-७ हे त्याच्यावरूनच तयार केलेले प्रवासी गाडीचे. वजन तेच, मोटरही त्याच. मुख्य बदल गिअरमध्ये. मालगाडीच्या इंजिनात ७७ ला १५, म्हणजे ५.१३, आणि प्रवासी इंजिनात ७२ ला २०, म्हणजे ३.६. परिणाम असा की पहिले इंजिन सुटताना सुमारे ४६० किलोन्यूटनने ओढते, दुसरे ३२३ ने. दुसरे ताशी १४० किलोमीटर धावते, पहिल्याचा मूळ वेग १०० चा. कसारा आणि खंडाळा घाटांत रेल्वेचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के आहे, आणि तेवढ्यासाठीही गाड्यांना मागून बँकर इंजिने लावली जातात. रेल्वेने दाते, चढ आणि वजन यांची सांगड पहिल्या दिवसापासून घातली. याच्या दुप्पट चढावर ट्रक हाकणाऱ्या आपल्या वाहतूकदाराला तो आकडा माहीतही नसावा, हे बरोबर नाही.

आणि तो माहीत नसण्यात त्याचा दोष फार थोडा आहे. नोंदणी पुस्तकात इंजिनाची अश्वशक्ती येते, सिलिंडर येतात, टायर आणि प्रत्येक एक्सलवरचा भार येतो. क्राऊन-पिनियनचे प्रमाण येत नाही. कंपन्यांच्या माहितीपत्रकात मागच्या एक्सलचे प्रमाण बहुधा छापलेले असते आणि एकाच मॉडेलला दोन-तीन पर्यायही असतात, पण कोटेशनवर ते उतरत नाही. जी गाडी गोदामात उभी आहे ती विकायची असते. ग्राहक मंचरचा असो की मराठवाड्यातल्या सपाट रस्त्यांवरचा, त्याला तीच मिळते.

अमेरिकेत पिकअप घेणाऱ्याला हा आकडा निवडावाच लागतो. फोर्डच्या जड पिकअपला ३.५५, ३.७३, ४.३० असे पर्याय असतात आणि कंपनीच्या ओढण्याच्या मार्गदर्शिकेत इंजिन आणि एक्सल यांच्या प्रत्येक जोडीपुढे किती वजन ओढता येईल ते छापलेले असते. एक्सलचा संकेतांक दरवाजाच्या पट्टीवर असतो. ओढण्याच्या या आकड्यांवर कंपन्या मनमानी दावे करू लागल्या, तेव्हा तिथल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने एक प्रमाण चाचणी ठरवली. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांबलचक चढावर, उन्हाळ्याच्या कडाक्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, जाहीर केलेले वजन ओढत गाडीने ताशी ४० मैलांखाली, म्हणजे ६४ किलोमीटरखाली न येता चढायचे. पुस्तकी चढ न घेता त्यांनी खरा रस्ता घेतला, ही या चाचणीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे.

असे आपल्याकडे करायला काहीच अडचण नाही. देशातली वाहने तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यात आहे आणि तिचे केंद्र चाकणला आहे. ट्रक आणि पिकअप बनवणारे कारखाने चाकणमध्ये आणि पिंपरीत आहेत. तिथून निघालेली गाडी पुणे-नाशिक महामार्गावर पुढे अवसरी घाटातून जाते. माळशेज, अवसरी किंवा आणे घाटातला मोजलेला टप्पा ठरवून, पूर्ण भारानिशी, मेच्या उन्हात, कुठल्या गिअरमध्ये किती वेगाने चढली आणि ब्रेकला हात न लावता कुठल्या वेगाने उतरली, एवढे प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक एक्सलसाठी छापून मिळाले पाहिजे. ग्राहकाला अश्वशक्तीपेक्षा या दोन ओळी जास्त उपयोगी पडतील.

२०१८ नंतर तर ही मागणी अधिक निकडीची आहे. त्या वर्षीच्या जुलैमध्ये केंद्र सरकारने एक्सलवरची भारमर्यादा वाढवली. दोन एक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन झाले, तीन एक्सलच्या ट्रकचे २५ वरून २८.५. म्हणजे दोन एक्सलच्या गाडीला कायद्यानेच १४ टक्के जास्त ओझे मिळाले. सात-एकेचाळीस आणि सहा-एकेचाळीस यांच्यातला फरक जवळपास एवढाच आहे. १६.२ टनांना जे प्रमाण ठीक होते ते १८.५ ला अपुरे पडू शकते, हे साध्या गुणाकाराने दिसते. २०२० पासूनच्या बीएस-६ इंजिनांनी काही भरपाई केली हे मान्य करायला हवे. ती कमी फेऱ्यांवरही चांगला जोर देतात आणि गिअरची संख्याही वाढली आहे, त्यामुळे पहिला गिअर खूप खालचा ठेवून एक्सलचे प्रमाण लहान ठेवता येते. नव्या गाडीत म्हणूनच नुसता एक्सलचा आकडा बघून भागत नाही, पहिल्या गिअरचे प्रमाण आणि एक्सलचे प्रमाण यांचा गुणाकार बघावा. वरच्या उदाहरणात तो ४१ होता आणि गाडी अडली, ४८ होता आणि गाडी निघाली.

इथे एक धोका स्पष्ट सांगायला हवा. जोर वाढवणारे प्रमाण भार वाढवण्याचा परवाना ठरता कामा नये. ऊस वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, त्यामुळे प्रत्येक खेपेला टनभर जास्त भरण्याचा मोह व्यवस्थेनेच निर्माण केला आहे. गाडी ओढते म्हणून भरली, असे समर्थन नेहमी ऐकू येते. पण क्राऊनचे दाते बदलल्याने ब्रेकचे लायनर मोठे होत नाहीत, एक्सलचा शाफ्ट जाड होत नाही, पाटे मजबूत होत नाहीत. उलट जास्त जोर त्याच शाफ्टमधून जातो आणि रुतलेल्या गाडीला झटका दिला की तो मोडतो. वजनकाटा कारखान्याच्या दारातच आहे. कायदेशीर वजनाच्या वर भरलेल्या खेपेचा जास्तीचा दर न देणे कारखान्यांच्या हातात आहे, आणि ते त्यांनी केले पाहिजे.

ज्यांच्याकडे गाडी आधीच आहे त्यांना प्रमाण घरच्या घरी काढता येते. सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, मागची दोन्ही चाके भक्कम स्टँडवर उचलावीत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. टायरवर आणि शाफ्टवर खडूने एकेक खूण करावी. दोघांनी दोन्ही चाके एकाच दिशेने बरोबर एक फेरी फिरवावीत आणि तिसऱ्याने शाफ्टच्या फेऱ्या मोजाव्यात. सहाला थोडी कमी भरली तर सात-एकेचाळीस, सातला थोडी कमी भरली तर सहा-एकेचाळीस. जुनी गाडी विकत घेताना ही मोजणी आवर्जून करावी, कारण आधीच्या मालकाने हौसिंग उघडून काय बसवले आहे ते कागदावर कुठेच दिसत नाही. जोडी बदलायची असेल तर क्राऊन आणि पिनियन एकत्रच बदलावे लागते, स्पीडोमीटरही त्याप्रमाणे लावून घ्यावा लागतो, आणि त्या मॉडेलला कंपनीनेच दिलेल्या पर्यायांच्या बाहेर जाऊ नये. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ नोंदीशी विसंगत बदलांना मनाई करते. अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालण्यापेक्षा आधीच लेखी विचारून घेतलेले बरे.

मग जुन्नर-आंबेगावच्या माणसाने कोणती गाडी घ्यावी? वर्षातले पाच महिने ऊस आणि उरलेले सात महिने जवळच्या बाजारांची खेप असेल, तर मोठा आकडा घ्यावा आणि महामार्गावर साठ-पासष्टच्या वेगात समाधान मानावे. गाडी वर्षभर वाशी आणि पुण्याला माल नेणार असेल, शेतात कधी शिरणार नसेल, तर लहान आकडा, जास्त गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक असलेली गाडी बरी. दोन्ही कामे सारखीच असतील तर ऊसाच्या बाजूने झुकावे. चुकीच्या बाजूला झुकल्याची किंमत महामार्गावर डिझेलमध्ये मोजता येते, शेतात आणि घाटात ती माणसांना मोजावी लागते.

कारखान्यांचे शेतकी विभाग हंगामाआधी वाहतूकदारांशी करार करतात, उचल देतात, गाडीची कागदपत्रे तपासतात. त्याच अर्जात आणखी चार रकाने घालता येतील: क्राऊन-पिनियनचे प्रमाण, पहिल्या गिअरचे प्रमाण, टायरचा आकार, ट्रॉलीला ब्रेक आहे की नाही. ही माहिती हाती असली तर ओल्या काळ्या रानातल्या फडाला कोणती गाडी पाठवायची आणि डांबरी रस्त्यालगतच्या फडाला कोणती, हे कारखान्याच्या चिठ्ठीबॉयला टोळी लावतानाच ठरवता येईल. विक्रेत्यांसाठी तर एकच रकाना पुरे. कोटेशनवर एक्स-शोरूम किमतीच्या खाली, विमा आणि आरटीओच्या ओळींच्या आधी, मागच्या एक्सलचे प्रमाण छापावे आणि त्या मॉडेलला दुसरे कोणते प्रमाण किती दिवसांत मागवून मिळेल तेही लिहावे.